दुखतंय का, असं विचारायचं नाही

मैद्याचं पोतं उचलताना बेकरीवाल्याचा उजवा खांदा गेला. आतला स्नायू फाटला होता. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाइकांना हळहळायचं तरी कशावर, हा प्रश्न पडायचा. ऑपरेशन करून स्नायू शिवावा लागेल, असं सर्जन म्हणाले. तो तयार झाला, पण बोलता बोलता पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, "नंतर दुखणं राहणार नाही ना?" सर्जननी त्याला वरच्या मजल्यावर मानसोपचाराच्या बाईंकडे पाठवलं. ऑपरेशनच्या आधी भेटा, म्हणाले.

घरी येऊन तो तणतणला. "दुखतोय खांदा, आणि तपासणार डोकं! मी काय वेडा आहे?"

"मी लग्नापासून तेच म्हणतेय," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "आता डॉक्टरांनाही शंका आलीय, तर जाऊन या."

बाई त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. चष्मा केसांत खोचलेला, आणि तोच टेबलावर शोधणं चाललेलं. तो त्याने दाखवून दिला, तेव्हा दोघंही हसले आणि बोलणं सोपं झालं.

"ऑपरेशननंतरचं काय डोळ्यांसमोर येतं?" त्यांनी विचारलं.

काही नाही म्हणायचं ठरवून तो आला होता, पण तोंडून ताईचंच नाव निघालं. त्याच्या मोठ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. टाके भरले, एक्स-रे स्वच्छ आला, पण दुखणं काही हटलं नाही. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरणारी बाई खिडकीतल्या खुर्चीला खिळली. "मला मीच त्या खुर्चीत दिसतो," तो म्हणाला. "आणि भट्टी थंड."

"ताईंचं दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत ते," बाई म्हणाल्या. "कधी कधी जखम भरते, तरी मेंदू पहारा उठवत नाही. भीतीने तो पहारा आणखी कडक होतो. तुमचं तसं होणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. पण पहारेकऱ्याला आधीच थोडं शिकवून ठेवता येतं."

शिकवणी साधीच होती. कळ आली की श्वास लांब सोडायचा. कुठे दुखतंय, कसं दुखतंय, ते नीट बघायचं. आणि 'दुखतंय' आणि 'आता संपलं सगळं' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. पीठ फुगायची वाट बघता बघता तो सराव करू लागला.

पुढच्या भेटीला बाईंनी बायकोलाही बोलावलं. "ऑपरेशननंतर यांना सारखं 'दुखतंय का' असं विचारू नका. त्याने लक्ष तिथेच अडकून राहतं."

"माझा नवरा आहे! मग विचारू तरी काय?"

"आज काय केलंत, ते विचारा."

ऑपरेशन नीट पार पडलं. हात झोळीत घालून तो घरी आला आणि बायकोची खरी परीक्षा सुरू झाली. ओठांवर आलेला प्रश्न ती गिळायची आणि घाईघाईने म्हणायची, "आज काय केलंत?" तो नुकताच जागा होऊन बसलेला असायचा. "डोळे उघडले," तो गंभीरपणे सांगायचा.

मग एक वाईट दुपार आली. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम करताना खांद्यातून अशी कळ गेली की तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मटकन बसला. टाका तुटला, त्याला वाटलं. आता आपलीही ताईसारखीच गत. मग त्याने श्वास लांब सोडला, पुन्हा सोडला. कुठे? खांद्यापासून कोपराच्या वरपर्यंत. कसं? जळतंय, पण येतंय आणि जातंय. हळूहळू हात सैल पडला. त्याने दवाखान्यात फोन लावला. व्यायाम शिकवणाऱ्याने दोन-चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, "घाबरू नका, असं होतं. उद्या कमी करा, पण करा."

दुसऱ्या दिवशी त्याने कमी केला, पण केला.

काही आठवड्यांनी ताई रिक्षा करून, कशीबशी भेटायला आली. झोळी सुटली होती. तो भिंतीवर बोटं चढवत हात वर नेत होता, चेहरा वाकडा करत.

"ठोंब्या, दुखतंय का रे?"

"ताई, तो प्रश्न या घरात बंद आहे!" आतून बायको ओरडली.

तो हसला. "दुखतं गं. पण जेवढं दुखतं तेवढंच. त्यावर माझी भर नसते."

ताईने आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला. "मला तेव्हा कुणी असं कुठे पाठवलं नाही."

"आता जाऊ या?"

"या वयात?"

"बाई वय विचारत नाहीत. चष्मा शोधून दिलास की झालं."

जुनं दुखणं चिवट असतं, हे बाईंनी ताईला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते गेलं नाहीच. पण ताई आधी जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत आणि एक दिवस थेट बेकरीपर्यंत चालत आली. तोवर तो कामावर परतला होता. पोती आता गाडीवाला आत आणून टाकतो. थकलेल्या दिवशी खांदा कुरकुरतो, तो त्याला कुरकुरू देतो आणि पीठ मळतो.

ताई आता बऱ्याचदा गल्ल्यापाशी बसते आणि पाव दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकांना दटावते. दुपारी गर्दी ओसरली की बहीणभाऊ भट्टीच्या उबेत गरम पाव खातात. तो लोणी फार लावतो म्हणून ती त्याला रागावते, आणि मग स्वतःचा पाव पुढे करते.