अर्धा लिटर पाणी

"दाब आता," भुजंग म्हणाला.

आकांक्षाने ब्रेक दाबला. अग्निशमन केंद्राच्या मागच्या मैदानात नवी गाडी एक हिसका देऊन जागच्या जागी थांबली. शेजारच्या सीटवर जुन्या गाडीचा चालक भुजंग मान तिरकी करून बसला होता. गाडी थांबली तरी त्याने मान सरळ केली नाही.

"मामा, चुकलं का काही?"

"न्हाई. बराबर दाबला."

"मंग ऐकून काय राह्यले?"

भुजंग ओशाळून हसला. त्याची रात्रपाळी आठ वाजताच संपली होती. खाकी कपडे खुंटीला टांगून, साधा शर्ट घालून तो घरी निघाला होता. पण आकांक्षा परवापासून या गाडीची चालक होणार होती, म्हणून तिला मैदानात चार चकरा मारून दाखवायला थांबला.

"जुन्या गाडीचा ब्रेक दाबला की खालून आवाज यायचा," तो म्हणाला. "खळ्ळ. एकदाच. सोळा वर्षं ऐकला. आता गाडी थांबली, पर कान आजून थांबला न्हाई."

"कशाचा आवाज?"

भुजंगने सांगितलं. जुन्या गाडीच्या पंपापासून मागे जाणारी एक नळी होती. ती गंजून गळायला लागली. नवी नळी मिळावी म्हणून त्याने तीन अर्ज केले, तिन्हींना उत्तर आलं नाही. तिकडे आगीची वर्दी आली आणि निघालं, तर वाटेतच टाकीतलं शे-दोनशे लिटर पाणी सांडायचं. केदारखेड्याला कडब्याची गंजी पेटली, तेव्हा पोहोचेपर्यंत टाकी अर्ध्यावर आली होती. मग एके दुपारी त्याने रस्त्यावरच्या वेल्डरला बोलावून नळी मधूनच कापली आणि कापलेल्या हातभर तुकड्याची दोन्ही तोंडं पत्रा वेल्ड करून बंद केली. तो तुकडा काढून टाकता आला असता, पण पाण्याचे होज-पाईप ठेवायची पेटी त्याच्यावरच टेकली होती. तुकड्याला मधे बाक होता. बाकात पाणी साचलेलं. वेल्डर म्हणाला, हे निघंना. भुजंग म्हणाला, राहू दे, वेल्डिंगचा टाका मार. कुठूनही वर्दी आली असती आणि गाडी चाकावर पाहिजे होती. शेवटचं भोक बुजताना आतून फुस्स करून वाफ आली, तेवढंच.

"म्हणजे सोळा वर्षं गाडी पोटात पाणी घेऊन फिरली," आकांक्षा हसली.

"अर्धा लिटर आसंल. सोमवारी क्रेनवाल्यानं गाडी उचलली तवा बी वाजलं."

आकांक्षा बी.एस्सी. झालेली होती. तिला कुठलीही गोष्ट अर्ध्यावर सोडवत नसे. "मंग ते पाणी आता कुठंय?"

"नळीत."

"आन् नळी?"

"भंगारात," भुजंग म्हणाला. चुन्याची डबी उघडायला निघालेला त्याचा अंगठा तिथेच राहिला.

या शहरात भंगार एकाच ठिकाणी जातं. औद्योगिक वसाहतीत सळया करणाऱ्या मिल आहेत. त्यांच्या भट्ट्या दिवसरात्र भंगार वितळवतात. भट्टीतलं पोलाद सोळाशे अंशांवर असतं. तिथे पाण्याची वाफ होते तेव्हा ती पाण्याच्या सतराशे पटींहून जास्त जागा मागते, आणि बंद नळीत जागा नसते. भुजंगला हे आकडे माहीत नव्हते. त्यांचा परिणाम त्याने पाहिला होता. नऊ वर्षांमागे एका मिलमध्ये गाडीचा जुना शॉकअप तसाच बंद भट्टीत गेला होता. ती वर्दी भुजंगनेच जुन्या गाडीतून केली. छताच्या पत्र्यांना आतून पोलादाचे थेंब लिंबोळ्यांसारखे लोंबत होते. खाली दोन माणसं होती. त्यांना उचलताना कुठे धरावं हे त्याला कळलं नव्हतं.

गाडी मोडीत निघणार हे त्याला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या काढायचा हुकूम आला, ही तर अठ्ठावीस वर्षांची. पण मोडीत निघालेली गाडी वितळते, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

केंद्राचा प्रमुख रामप्रसाद भुजंगच्याच वर्षी भरती झालेला. चारचौघांत भुजंग त्याला साहेब म्हणायचा, एकटे असले की नावाने हाक मारायचा. आत्ता तो दोन्ही विसरला.

"गाडी काढ. नवी. मिलला जायचंय."

"कोणत्या मिलला?"

"ते भंगारवाल्याला विचारावं लागंल."

रामप्रसादने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वर्दीच्या बुकात काय लिहू मी? कोणी खबर दिली, कुठं लागली, काय लागलं?"

"लागायचंय आजून."

"लागलेल्याची वर्दी असते भुजंगा. लागायच्याची न्हाई. वर्दी न्हाई तर गाडी फाटकाबाहेर जात न्हाई, हे तूच पोराहिला शिकवून राह्यला." मग त्याने फोन जवळ ओढला. "तू जल्दी भंगारवाल्याकडं निघ. मी त्याला फोन लावून पाहतो."

भोकरदन रस्त्यावरच्या भंगाराच्या आवारात गाडीचं फारसं काही उरलं नव्हतं. लाल पत्र्यांचा एक ढीग, त्यावर उलटं पडलेलं घंटेचं कडं. भंगारवाला पप्पू गॅसकटरची ज्योत विझवून उभा राहिला; कटरच्या आवाजात रामप्रसादचा फोन त्याला ऐकू आला नव्हता. तो भुजंगला ओळखत होता. गाडी आली त्या दिवशी भुजंग मागोमाग येऊन तिच्याभोवती एक चक्कर मारून गेला होता.

"आता काय आस्थी न्यायला आले का दादा?"

"पंपामागं हातभर नळी होती. वाकडी. कुठंय ती?"

"नळी न्हवती, दांडा होता तो. भरीव. दोन्ही तोंडाला जाम, वर रंगाचे चार थर. हातभर तुकड्याला गॅस कशाला जाळू म्हणलं." त्याने भुजंगच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा स्वर बदलला. "बंद माल मी टाकत न्हाई दादा. डिझेलची टाकी फोडून धुतली. हवेच्या टाक्या चिरल्या. इचारा साळूबाईला."

साळूबाई पलीकडे चुंबक घेऊन भंगार निवडत बसली होती. पन्नाशीची, डोक्याला फडकं बांधलेलं. तिने मान वर केली नाही.

"लाल वाकडी दांडी ना? सकाळच्या टेम्पोत मीच टाकली. वाजली बी."

"वाजली?"

"आत खळ्ळ झालं. मी ह्याला म्हणलं. तर म्हणतो, गंजाचा कचरा आसंल मावशे, टाक."

पप्पूने हातमोजे काढले. पुन्हा घातले.

टेम्पो साडेआठलाच मिलमध्ये रिकामा होऊन परतला होता. तिसऱ्या रस्त्यावरची, निळ्या फाटकाची मिल. पप्पूने तिथल्या ऑफिसात फोन लावला. पलीकडून कोणीतरी म्हणालं, सुपरवायझर भट्टीवर गेलेत, आले की सांगतो. भुजंगने रामप्रसादला मिलचं नाव कळवलं आणि मोटरसायकलला किक मारली. दोनदा लागली नाही. तिसऱ्यांदा लागली.

निळ्या फाटकापाशी तो पोहोचला तेव्हा घड्याळात दहा चव्वेचाळीस झाले होते. घड्याळ पाहायची त्याला सवयच होती. निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ.

"पास?" वॉचमनने विचारलं.

"फायर ब्रिगेडचा हाय मी. आत भट्टी थांबवायला सांग."

वॉचमनने त्याच्या मागे पाहिलं. "गाडी कुठंय?"

भुजंगनेही मागे पाहिलं. मोटरसायकल होती.

"आयकार्ड तरी दाखवा."

आयकार्ड खाकी शर्टाच्या खिशात होतं आणि शर्ट केंद्रात खुंटीला. या फाटकातून भुजंग याआधी दोनदा आत गेला होता. दोन्ही वेळा भोंगा लांबून ऐकूनच फाटक सताड उघडलेलं होतं, आणि वॉचमन बाजूला उभा राहून हात करत होता, इकडून, इकडून. लाल गाडीला कोणी पास विचारत नाही.

"बाबा, आत सोडू नको. फक्त निरोप दे. सकाळच्या मालात एक लाल वाकडी नळी हाय, तिच्यात पाणी हाय. ती भट्टीत टाकू नका म्हणावं."

वॉचमन वाईट माणूस नव्हता. त्याने आतला फोन उचलला, बराच वेळ वाजू दिला. मग कोणीतरी घेतला. "साहेब, गेटवर एक जण आलाय... म्हणतो, भंगारात पाणी हाय... हौ... हौ." त्याने फोनवर हात ठेवला. "साहेब म्हणतात, पावसाळा संपून दोन महिने झाले. माल बिलकुल कोरडा हाय."

"पावसाचं न्हाई रे. नळीतलं. बंद नळीतलं. मला बोलू दे."

वॉचमन फोन त्याच्याकडे सरकवणार तोच पायाखालची फरशी हलली. आवाज नंतर आला. भट्टीच्या शेडवरचे तीन-चार पत्रे शांतपणे वर गेले, हवेत फिरले आणि मग खाली पडू लागले.

भुजंगने मनगटाकडे पाहिलं. दहा बावन्न.

फाटक आता उघडंच होतं. भुजंग आत धावला, पण समोरून माणसं पळत येत होती आणि त्यांच्यामागून एक टेम्पो जोरजोरात हॉर्न वाजवत येत होता. त्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. टेम्पोच्या मागच्या भागात एक जण आडवा होता. दुसरा बसलेला, ताठ. त्याने दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, भरलेली परात सांभाळावी तसे. तो ओरडत नव्हता. टेम्पो खड्ड्यातून गेला तरी त्याने ते कुठे टेकवले नाहीत.

"तो बसलेला रामराव," मागून वॉचमन म्हणाला. फोन अजून त्याच्या हातात होता. "घनसावंगीकडचा हाय. काल इथंच बसून डबा खाल्ला."

नवी गाडी अकरा वाजून एक मिनिटाने आली. तिला कोणी पास विचारला नाही. आकांक्षा स्टेअरिंगवर होती. भुजंग गाडीमागे पळत शेडपर्यंत गेला. दोन नवे फायरमन आधीच होज उलगडत होते.

"पाणी न्हाई," भुजंग म्हणाला. "एक थेंब न्हाई. वाळू आणा. पावडरची सिलेंडरं काढा."

जमिनीवर सांडलेलं पोलाद वरून काळं पडलं होतं, पण सालीखाली अजून लाल होतं. केबल जळत होत्या. त्यांनी घमेल्यांनी वाळू टाकली, पावडर मारली. पाऊण तास लागला. नव्या गाडीची टाकी काठोकाठ भरलेली होती, ती तशीच राहिली. आकांक्षा एकदा भुजंगच्या शेजारून घमेलं घेऊन गेली. 

दुपारी चार वाजता रामप्रसाद वर्दीचं बुक घेऊन बसला. भुजंग समोर उभा होता, अंगावर तोच साधा शर्ट, बाह्यांवर पांढरी पावडर. दवाखान्यातून फोन येऊन गेला होता. रामराव सव्वातीनला गेला. दुसऱ्याचं अजून काही सांगता येत नव्हतं.

रामप्रसादने वेळा लिहिल्या. ठिकाण लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी थांबला.

"अज्ञात लिहितो."

"अज्ञात कसं? मला माहितीय."

"तुझ्या रिटायरमेंटला दोन महिने राह्यले भुजंगा. त्या मिलमधी रोज पन्नास टन भंगार जातं. कशानं उडालं, कोण सांगणार हाय?"

"मी सांगून राह्यलो ना."

"तू आगाऊ सांगायला गेल्ता. तुझं काम तू केलं. मी गाडी काढली न्हाई, गेटवाल्यानं आत घेतलं न्हाई, पप्पूनं..."

"त्या समद्याहिची नावं तू लिही, नको लिहू, तुझं तू पाह्य. नळी मी बंद केली. राहू दे म्हणालो मी." त्याचा आवाज चढला नव्हता. वर्दीवरून आल्यावर वेळा सांगायचा तोच आवाज होता. "चोवीस वर्षं ह्या बुकात मी खोटी वेळ सांगितली न्हाई. वीस मिनिटं लागले तर वीसच सांगितले. लोकाहिनं शिव्या घातल्या, वीसच सांगितले. लिही."

बाहेर आकांक्षा नव्या गाडीच्या टायरमधली वाळू काढत होती. तिचं खरवडणं खिडकीतून ऐकू येत होतं. रामप्रसादने चार ओळी लिहिल्या. भुजंगने त्या उलट्या बाजूनेच वाचल्या. एक साल चुकलं होतं, ते त्याने दुरुस्त करायला लावलं.

पुढचा रकाना वापरलेल्या पाण्याचा होता.

"निरंक," रामप्रसाद पुटपुटला आणि लिहू लागला.

"नव्या गाडीचं निरंक," भुजंग म्हणाला. "खाली जुनीचा नंबर टाक."

रामप्रसादचा पेन हलला नाही. गाडी कागदोपत्री सोमवारीच कमी झाली होती.

भुजंगने बुक आपल्याकडे फिरवलं. नंबर कुठे बघायची गरज नव्हती. तो त्याने सावकाश लिहिला, त्याच्यापुढे अर्धा लिटर लिहिलं, आणि चालकाच्या रकान्यात सही केली.