दुकानातली सासू

माझा नवरा हास्के लोकर घेऊन दुकानात गेला आणि लोकर घेऊनच परत आला. पीठ नाही, कॉफी नाही, डोक्यावर टोपीही नाही. विचारलं तर घोड्यावरूनच म्हणाला, "तुझी आई बसलीय तिथे."

"आई सकाळपासून मेंढ्यांमागे आहे. आत्ताच दिसली मला टेकडीवर."

"मग तिथे कोण बसलंय?" तो म्हणाला आणि डोळे चोळू लागला.

आम्हा नवाहो जमातीत सासू-जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नसतं. बघितलं तर डोळे जातात म्हणतात. शिवाय तो मानाचाही भाग. आई घराकडे येताना लांबूनच खाकरायची, मग हास्के डोक्यावरून घोंगडी ओढून बाहेर सटकायचा. निरोपांची ने-आण माझ्याकडे. आमची मुलं गुडघ्याएवढी झाली, तरी त्याला आईची फार तर पाठ माहीत होती.

हा घोळ झाला एका फोटोमुळे. आदल्या वर्षी, पीच सुकवून झाल्यावर, एल्वा मावशी खालच्या दरीतून वर आली होती. ती हवासुपाई जमातीची. दरवर्षी टोपल्या आणि सुके पीच घेऊन यायची, आईकडे राहायची आणि आईने विणलेली घोंगडी घेऊन जायची. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच यायची, पण त्यामुळे गप्पा कधी अडल्या नाहीत. त्या खेपेला दुकानात एक गोरा फोटोवाला तीन पायांचं यंत्र मांडून बसला होता. तो आईला म्हणाला, हे मखमली पोलकं काढा, जुन्या पद्धतीचं काहीतरी घाला.

"जुनं होतं ते खोगिराखाली घातलं," आई म्हणाली आणि मखमलीतच बसली, अंगावर होत्या नव्हत्या तेवढ्या पिरोजाच्या माळा घालून. त्याने सरळ काचेत बघायला सांगितलं. आईने असं बघितलं, की तोच काळ्या फडक्याखाली शिरला.

"बिचारा घाबरला," मावशी म्हणाली. तिची पाळी आली तेव्हा तिने मांडीवर टोपली घेतली आणि तोंड दाराकडे फिरवलं. तिचं म्हणणं, या माणसाच्या तोंडाला कांद्याचा वास येतो.

आईचा तो फोटो आता मोठा होऊन आला होता. दुकानदाराने चौकट करून तो दारासमोरच टांगला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर आई पिठाच्या पोत्यांवरून माझ्याकडे रोखून बघत होती. शेगडीपाशी बसलेल्या बाप्यांनी हास्केची पळताना पडलेली टोपी माझ्या हातात दिली आणि हसून हसून लोळले; 'ती बघ तुझी सासू' असं त्यांनीच त्याला म्हटलं होतं. फोटो काढ म्हटलं, तर दुकानदार काही ऐकेना. म्हणाला, आगगाडीने येणारे पाहुणे हा फोटो बघून घोंगड्या विकत घेतात.

आईला सांगितलं तर आधी ती खूश झाली. "कशी दिसते मी?" मग तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे त्याने पाहिलं मला? दिसतंय ना त्याला नीट?" संध्याकाळी तिने डोळ्यांसाठी कसलासा पाला वाटून पाठवला. हास्केने तो मुकाट्याने लावला. त्यानंतर तो दुकानात शिरायचा तो उलटा, पाठ पुढे करून. एकदा साखर म्हणून मीठ घेऊन आला. ती कॉफी आम्ही फेकली नाही, पण पिणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होती.

पीच सुकले तशी मावशी परत आली. सगळी हकिगत ऐकून म्हणाली, "तुमच्यात हे बरं आहे. माझा जावई रोज माझ्याकडे बघतो आणि वर जेवायला मागतो." मग उठली आणि मला नि आईला दुकानात घेऊन गेली. दुकानदाराला म्हणाली, "माझा फोटो कुठे आहे?"

त्याने तो आतल्या फडताळातून काढला.

"हा लाव भिंतीवर. मी कुणाची सासू नाही इथे."

"पण ही तर दुसरीकडेच बघतेय," दुकानदार कुरकुरला.

"म्हणून तर गिऱ्हाईक पळणार नाही. एका माणसाची लोकर तू घालवलीस, अजून किती घालवणार?"

शेगडीपाशी बसलेल्यांतही सासू असलेले बरेच निघाले. त्यांनी माना डोलावल्या. दुकानदाराने शिडी आणली. फोटोखालची पाटी मात्र त्याने बदलली नाही, त्यामुळे कित्येक वर्षं पाहुण्यांना मावशी 'नवाहो विणकरीण' म्हणूनच माहीत होती. मावशीला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझ्या टोपल्या आता घोंगड्यांच्या भावाने विका."

आईचा फोटो मावशी घोड्यावर बांधून दरीत घेऊन गेली. तिथे हास्के कधी जात नाही.

त्या रात्री जेवताना आईने शेजारून निरोप धाडला. "विचार त्याला, कशी दिसत होते मी."

हास्केने हाडूक चोखून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "सांग, माळा छान होत्या. बाकी मी काही बघितलं नाही." मी उठले तशी हळूच म्हणाला, "आणि हेही सांग, मला वाटलं होतं तेवढी कडक नाही दिसत."

मी दोन्ही सांगितलं. सकाळी आमच्या दाराशी एक गलेलठ्ठ कोकरू बांधलेलं होतं.