पटाची मोटार

"तोंड उघड तिचं," उत्तमराव म्हणाले.

नामाजीने रेडिएटरचं झाकण फिरवून काढलं. उत्तमरावांनी बगलेतली मोहाच्या दारूची बाटली काढली, निम्मी आत ओतली आणि उरलेल्या निम्मीतले दोन घोट स्वतःच्या घशात घातले. भोवती जमलेल्या खुशमस्कऱ्यांनी टाळ्या पिटल्या.

"मालक, ते तोंड न्हाई. तितं निसतं पानी राहते. दारूनं काय व्हनार?" नामाजीने विचारलं.

"बैलाला पाजल्यावर काय व्हते? उद्या पट हाय. पटाच्या जनावराला पाजावंच लागते."

नामाजीने रेडिएटरचं झाकण फिरवून लावलं आणि हात धोतराला पुसले. त्याला किळस आली होती. ही किळस आजची नव्हती, गेले कित्येक दिवस ती त्याच्या पोटात साचत चालली होती.

साखरा गावी दरसाल सुगी उरकली की शंकरपट भरायचा. हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपायची आणि दोन जोड्या शेजारी शेजारी पळवायच्या. पहिली दोरीपार जाईल तिचा गुलाल. मोठमोठे जमीनदार पटासाठी बैल पाळत, त्यांना अंडी चारत, दारू पाजत, आणि पळताना पराणीची, म्हणजे हाकायच्या काठीची, टोकदार लोखंडी आर त्यांच्या पुठ्ठ्यात खुपसत. उत्तमराव तर या नादात आकंठ बुडालेले. गेल्या साली त्यांनी हैदराबादेहून एक जुनी चार दारांची मोटार आणली होती. चांगली बंद मोटार, गाद्यागिरद्यांची, बायकामाणसांनी पडदे लावून लग्नाकार्याला जावं अशी. पण गृहस्थाला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मागच्या गादीवर चार तुंदिलतनू सोबती बसवून त्यांनी ती पटात बैलांशेजारी उभी केली. ढेकळांच्या रानात मोटार रडत-रखडत निघाली, तोवर मसाजीची जोडी दोरीपार होऊन उभी होती. मसाजी म्हणजे मेंढरं राखून चार एकर कसणारा साधा माणूस. त्या दिवसापासून मोटार हिंगोलीत दिसली की लोक रस्त्याच्या कडेने हंबरायचे. कळमनुरीच्या बाजारात तर कुणी तरी तिच्यापुढे कडब्याची पेंढी टाकली. साऱ्या मुलखात हसं झालं.

म्हणून मोटार सुधारायची होती. त्यासाठी नांदेडहून रतनसिंग मिस्त्री आला. माणूस कसबी, पण सांगेल ते करणारा. मागची गादी उपटून गोठ्यात टाकली, तिच्यावर आता कुत्री व्याली होती. दारं काढली, चाकांवरचे पत्रे काढले, टप कापला. इंजिनाचं डोकं घासून बसकं केलं, पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्ब्युरेटरचं भोक मोठं केलं. शर्यतीच्या मोटारीत एरंडेल घालतात असं रतनसिंग बोलून गेला मात्र, उत्तमरावांनी तेल्याकडून डबाभर एरंडेल आणून इंजिनात ओतवलं. ते जळू लागलं की असा वास सुटायचा, जणू सगळ्या गावाला जुलाब दिलाय. बायका नाकाला पदर लावून दारं लोटून घ्यायच्या. पाहुण्यांना दाखवायला उत्तमराव दिवसातून चार वेळा ती सुरू करायला लावत.

नामाजीला ही मोटार आवडायची. त्याचं कारण तो कुणाला सांगत नसे. पूर्वी तो याच मालकाचा धुरकरी होता, पटाची गाडी हाकायचा. त्याच्याच पराणीखाली एक बैल दोरीपार गेला आणि तिथेच गुडघे टेकून मेला. उत्तमरावांनी त्या मेलेल्या बैलावर गुलाल उधळला होता. त्या दिवसापासून नामाजीने पराणी हातात धरली नाही. मोटार आली तेव्हा त्याने हात जोडून ड्रायव्हरकी मागून घेतली. मोटारीला कातडं नाही. पायाने दाबावं, ती पळते, कुणाला रक्त येत नाही.

आणि आता तिचाही बैल करून ठेवला होता.

शेवटी रतनसिंगने सायलेन्सर सोडवला. "अब इंजन खुलके साँस लेगा," तो म्हणाला, आणि त्याने मोटार सुरू केली. तोफा डागाव्यात तसा आवाज झाला. गोठ्यातली दोन वासरं दावी तोडून पळाली.

नामाजी पुढे झाला. "मालक, हे तेवढं परत बसवा. बाकी काय बी करा. शेजारून असा आवाज आला तर बैल बुजतीन, पाय मोडून घेतीन."

उत्तमराव हसले. "मंग? बुजू दे की."

"म्हंजे?"

"म्हंजे काहून इचारून राहिलास? मोटार जितकी पळल तितकी पळल. बाकीचं काम आवाज करल."

नामाजी तसाच निघून मसाजीच्या शेतातल्या आखाड्यावर, त्याच्या झोपडीवर गेला. मसाजी त्याच्या बायकोचा भाऊ. जोडी एवढीच त्याची इस्टेट. हरण्या आणि बिजल्या लिंबाखाली बांधलेले होते आणि मसाजी त्यांच्या शिंगांना तेल लावत होता.

"मसाजी, उद्या पट सोड. मोटारीचा आवाज लई वंगाळ झाला. बैल बुजतीन."

मसाजीने वर पाहिलं. "मालकानं धाडलं का दाजी?"

"न्हाई रे. माझ्या मनानं आलो."

"औंदा हरायचं भ्या वाटून राहिलं त्याला. तुमी त्याचं मीठ खाता, मला समजते." तो पुन्हा तेल चोळू लागला. "पंचायला शब्द देल्ला म्या. बैल माझे कशानंच बुजत न्हाईत."

"बरं. मंग आयक. मी सुटताना दाबणारच न्हाई. तू म्होरं निघ. पार म्होरं जाऊ दे जोडी. आवाज लांबून आला तर त्यायला तकलीफ व्हनार न्हाई."

"असं जिंकायचं न्हाई मला," मसाजी म्हणाला. पण आवाज नरम होता. "चहा घ्या दाजी." नामाजीने चहा घेतला. दुसऱ्या दिवशी आपला पाय हलका ठेवायचा, एवढं एकच काम आपल्या हाती आहे, हे त्याने मनाशी घोकलं.

पटाच्या रानात जत्रेसारखी माणसं लोटली होती. मोटारीला झेंडूची माळ, पुढच्या दिव्यांना कुंकू. उत्तमराव नामाजीच्या शेजारी, गादीच्या जागी ठेवलेल्या खोक्यावर बसले. तोंडाला दारूचा भपकारा, आणि हातात पराणी.

"ही कशाला मालक?"

"पटात हात मोकळा राहते व्हय?"

रुमाल खाली पडला. मसाजीने आरोळी दिली आणि जोडी सुटली. नामाजीने ठरवल्याप्रमाणे पाय हलका ठेवला. मोटार भडभडत, घाण धूर ओकत निघाली, आणि बैल बघता बघता दोन गाड्यांचं अंतर तोडून पुढे गेले. त्यांचे कान मागे वळले होते, पण ते सरळ पळत होते. नामाजीचा जीव भांड्यात पडला.

"हाण!" उत्तमराव ओरडले. "हाण की! झोपलास व्हय?"

आणि त्यांनी पराणीची आर नामाजीच्या बरगडीखाली खुपसली.

नामाजीने काही ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. कळ डोक्यात पोचायच्या आधी पाय खाली गेला होता. मोटार उसळली, तोफांचा तो आवाज फुटला आणि क्षणात ती बैलांच्या बरोबरीला आली. हरण्याने मान फिरवली. त्याचा पांढरा झालेला डोळा नामाजीने अगदी जवळून पाहिला. मग बैल आडवा झाला, जू पिळलं, छकडा उलटला आणि मसाजी मातीत फेकला गेला.

आर पुन्हा टोचली. या वेळी नामाजीने चावी फिरवली. मोटार घरंगळत दोरीच्या चार हात अलीकडे थांबली.

"अरे चार हात! चार हात राह्यले, भाडखाऊ!"

नामाजी खाली उतरून हरण्याकडे धावला. मागे मोटारीपाशी काय चाललंय ते त्याने पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. उत्तमरावांची माणसं धावत आली, त्यांनी मोटारीला मागून खांदे लावले आणि ढकलत ढकलत तिला दोरीपार नेलं. लगेच हलगी वाजली. पंचांनी माना डोलावल्या. कालपर्यंत हंबरणारी तीच माणसं आता बॉनेटवर गुलाल फासत होती आणि उत्तमराव खोक्यावर उभे राहून फेटा हलवत होते. एरंडेल, दारू आणि गुलाल यांचा एकच दर्प सुटला होता. नामाजी थुंकला. पण सगळ्यात जास्त किळस त्याला स्वतःच्या उजव्या पायाची आली. इतकी वर्षं त्याला वाटायचं की पराणीखालचे बैल ईर्ष्येने पळतात.

हरण्याचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. बिजल्या बाजूला थरथरत उभा होता. मसाजीने हरण्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, त्याच्या स्वतःच्या कपाळातून रक्त येत होतं. नामाजी वाकून जू सोडवू लागला.

"हात लावू नगा दाजी."

नामाजीने हात मागे घेतला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सदरा वर करून बरगडीखालचं भोक दाखवता आलं असतं. पण बैलाचा पाय त्याने जुळणार नव्हता. पलीकडून उत्तमराव त्याच्या नावाने हाका मारत होते, मोटार गावातून मिरवायची होती आणि ती चालवणारा दुसरा कुणी नव्हता. नामाजी गेला नाही.

ऊन तिरपं झालं होतं आणि थेट हरण्याच्या उघड्या डोळ्यात येत होतं. नामाजी दोन पावलं सरकून, आपली सावली त्या डोळ्यावर पडेल असा उभा राहिला. मसाजीने मान वर केली नाही, पण बाजूला व्हा असंही तो म्हणाला नाही.