हलक्या दाबाची घंटा

आनंदने पारदर्शक कागदावर बोट फिरवलं आणि नुकतीच छापलेली सर्किटची काळी रेघ बोटाला चिकटून आली.

“बाबा, गुळगुळीत बाजूवर छापलंत. शाई खडबडीत बाजूवर बसते,” श्रद्धा म्हणाली. खराडीच्या ऑफिसला निघता निघता ती प्रिंटरपाशी थांबली होती. “तयार घंटा मिळते हो बाजारात. येताना आणू?”

“तिचं बटण दाबायला जोर लागतो. तुझ्या आईकडे आहे का तो?”

श्रद्धाने पर्स खांद्याला लावली आणि ती निघाली.

भोसरीच्या कारखान्यात आनंदने तेवीस वर्षं सर्किट बोर्ड तपासले होते. स्वतः मात्र एकही बनवला नव्हता. अर्धांगाच्या झटक्यानंतर बायकोचा, कुसुमचा आवाज पलंगापलीकडे पोहोचेना. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. ते नुसतं टेकलं तरी वाजेल अशी घंटा त्याला हवी होती.

पुढचा कागद नीट छापला गेला, पण शाई फिकट. तो लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ठेवून उन्हात धरला की काळ्या रेघांतूनही उजेड आरपार जाई आणि पत्र्यावर रेघा तुटक उमटत. मग त्याने एकावर एक दोन कागद लावले. ऊन कधी कमी पडलं, कधी जास्त झालं. तीन बोर्ड वाया गेले, महिना गेला. कुसुम आता चमचाभर पेजही अर्धीच घेई.

रविवारी बोर्ड जमला. मागच्या बाल्कनीत त्याने बोर्डाला जोडलेल्या पट्टीवर बोट टेकवलं, तर घंटा बारीक, स्पष्ट वाजली. घंटा तिथेच ठेवून त्याने लांब वायर ओढून पट्टी कुसुमच्या हाताखाली चिकटवली.

“मी बाल्कनीत जातो. दार लोटून घेतो. तू बोट टेकव.”

कुसुमने डोळ्यांनीच होकार दिला.

तो स्टुलावर बसून राहिला. खालून भाजीवाला ओरडत गेला. आनंदने वायर पाहिली, बॅटरी पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. आणखी थोडा वेळ थांबून तो आत आला.

कुसुमचा हात घसरून चादरीवर आला होता. पट्टी वीतभर लांब राहिली होती. मान उचलता येत नसल्याने तिला ते दिसत नव्हतं. तिचे डोळे मात्र लखलखत होते.

“अहो,” तो वाकला तेव्हा ऐकू आलं, “वाजली ना?”

आनंदने तिचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“वाजली की. म्हणून तर आलो.”