मावशीच्या पेशींची शिस्त

मानवी देहातल्या प्रत्येक पेशीत परमेश्वर वसतो, हे त्या संध्याकाळी सभागृहातल्या शंभरेक माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. परमेश्वर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात होता. जरा अस्पष्ट होता, पण तो प्रोजेक्टरचा दोष.

मंचावर पेशीमहाराज. अंगात डॉक्टरचा कोट, गळ्यात माळ. दोन्हीकडची गिऱ्हाइकं सांभाळलेली. समोर सूक्ष्मदर्शक.

"हा माउलींचा गेल्या महिन्याचा गाल!"

पडद्यावर माझ्या मावशीच्या गालाच्या आतल्या पेशी दिसल्या. वेड्यावाकड्या, कुठेही पसरलेल्या. मग महाराजांनी मावशीच्या गालातून पुन्हा काडी फिरवली, मंत्र टाकायला पडद्यामागे गेले आणि काच घेऊन परतले.

"आणि हा आजचा! महिनाभर आमचं मंत्रजल प्यायल्यावर!"

विटांच्या भिंतीसारख्या आखीव रांगा. टाळ्याच टाळ्या.

"बेशिस्त पेशी म्हणजेच रोग! आणि गोळ्यांनी त्यांचं लक्ष विचलित होतं!"

मावशी शिवणकाम करते. वाकडा टाका दिसला की तिला घास उतरत नाही. महाराजांनी पेशी सरळ करून देतो म्हटल्यावर तिने डायबेटिसच्या गोळ्या केव्हाच सोडल्या होत्या. सुई लागलेलं बोट मात्र भरायचं नाव घेत नव्हतं.

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. पेपर तपासतानाच्या चेहऱ्याने ती उठली.

"महाराज, या पेशींना भिंती कशा?"

"साधनेने!"

"माणसाच्या पेशीभोवती नुसतं पातळ पटल असतं. भिंत असते वनस्पतीच्या पेशीला. आमच्या मावशींना पालवी फुटलीय का?"

"सूनबाई," मावशी कडाडली, "माझं काही सरळ झालेलं बघवत नाही का गं तुला?"

"बघायचंच आहे, मावशी. महाराज, आता तुमचा गाल दाखवा. सिद्धपुरुषाची शिस्त कळू दे."

"आमच्या पेशींचं तेज तुम्हाला सोसायचं नाही!"

"सोसू, महाराज!" भक्त एकसुरात ओरडले. महाराजांचा घात केला तो भक्तीनेच.

बायकोने सर्वांसमोर त्यांच्या गालातून काडी फिरवली, काचेवर निळ्या रंगाचा थेंब टाकला. पडद्यामागे कुणी गेलं नाही. पेशी आल्या: वेड्यावाकड्या, पसरलेल्या, प्रत्येकीच्या पोटात केंद्रकाचा गडद ठिपका.

"अगंबाई," मावशी म्हणाली, "यांच्या तर माझ्याहून वाकड्या!"

"गालाच्या पेशी सगळ्यांच्या अशाच असतात," बायको म्हणाली. " आपण सगळे अशाच पेशींचे बनलोय, आणि त्यांना रांगेत उभं राहायची गरज नाही. त्या रांगा कांद्याच्या पापुद्र्याच्या होत्या."

पडद्यामागे अर्धा कांदा सापडला. कुणी काही दाखवलं, तर हे नक्की कशाचं आहे, एवढं तरी आपण विचारावं. त्याला पदवी लागत नाही.

मावशीच्या गोळ्यांची पट्टी बायको पर्समध्ये घेऊनच आली होती; मावशीने ती स्वतःच काढून घेतली. गोळी गिळली, पाणी साधं प्यायली. मग हळूच विचारलं, "आणि गं, त्या कोपऱ्यातला परमेश्वर?"

तो काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा होता.