दोन घरची ताटली

मी ताटली बोलतेय. निळ्या अंगावर पांढरी कापसाची बोंडं, कडेला सोनेरी रेघ. ताश्कंदात माझ्यासारख्या लाखो असतील, घरोघरच्या फडताळात डझनाने रचलेल्या. पण मी नेमकी कुठल्या घरची, असं विचाराल तर पंचाईत होईल. मलाच ठाऊक नाही.

आमच्या जुन्या मोहल्ल्यात इनोबत आणि मस्तुरा या शेजारणींच्या अंगणांमध्ये मातीची भिंत होती आणि भिंतीत एक बुटकं दार. त्यातून माझी ये-जा चाले. शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही, हा आमच्याकडचा कायदाच. इकडून समोसे गेले की तिकडून जर्दाळू यायचे. या येरझाऱ्यांत माझी मूळ मालकीण कोण, हे दोघीही विसरून गेल्या. मी मात्र दोन्ही घरचं चाखून खुशाल होते.

मग मस्तुराच्या लेकीचं लग्न निघालं. आदल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सगळा मोहल्ला पुलावाची गाजरं चिरायला जमला. इनोबतच्या पुढ्यातला ढीग बघून मस्तुरा सगळ्यांदेखत म्हणाली, "आपा, गाजरं चिरताय की सरपण फोडताय?"

बायका खो खो हसल्या. इनोबतने सुरी खाली ठेवली आणि ती तडक घरी गेली. त्यानंतर अकरा वर्षं दोघी एकमेकींशी एक अक्षरही बोलल्या नाहीत.

पण त्या संध्याकाळी मी मस्तुराकडे होते ना! रिकामी पाठवली असती तर मोहल्ल्यात छी-थू झाली असती. तिने माझ्यावर चार समोसे रचले, मुद्दाम भोपळ्याचे, कारण इनोबतला भोपळा बघवत नाही. मला दारापाशी ठेवलं आणि पाठ फिरवली. मस्तुराच्या दाढा दुखतात हे ठाऊक असल्याने इनोबतने उलट टपाली अक्रोडाची दगडासारखी मिठाई धाडली. असं दर शुक्रवारी चालायचं. खरं सांगते, मला फार मजा येत होती. भोपळ्याच्या समोशांना इनोबत चारचौघींत नावं ठेवायची आणि एकटी असली की चारही संपवायची.

मग मोहल्ला पाडला. भिंत, दार, तुतीचं झाड, सगळं एका आठवड्यात गेलं. इनोबतला नवव्या मजल्यावर घर मिळालं, मस्तुराला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सामानाच्या धांदलीत मी इनोबतच्या खोक्यात आले. रिकामी. आणि भरून पाठवायची पाळी तिची होती.

नव्या जागी तिने मला भरून समोरच्या घरी दिलं. दहा मिनिटांत बेल वाजली. "थँक्यू हं खाला! धुऊन आणलीय." त्या घरची सून मला चकचकीत करून घेऊन आली होती, पण रिकामी. पोरगी गोड होती. आता जेवण फोनवरून येतं आणि भांडं केरात जातं, मग तिला कोण शिकवणार? इनोबत मला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली. मला तिची दया आली, आणि माझीही.

शेवटी तिने कुणाकुणाला विचारून मस्तुराचा पत्ता काढला. सकाळभर बसून गाजरं चिरली, पुलाव केला, मला फडक्यात बांधलं आणि मेट्रोत बसली.

मस्तुराने दार उघडलं. इनोबतचं तोंड न बघता तिने फडकं सोडलं, गाजराची एक काडी उचलून उजेडात धरली.

"आपा, इतकं बारीक चिरायला अकरा वर्षं लागली होय?"

"अगं मेले, आधी आत तर घे! हात भाजतोय माझा."

मग दोघी दारातच रडल्या. पुलाव पार निवून गेला.

त्याला आता चार महिने झाले. मी अजून मस्तुराकडेच आहे. दर शुक्रवारी इनोबत तणतणत येते, "माझी ताटली दे!" मस्तुरा म्हणते, "रिकामी कशी देऊ? घरात काही केलेलं नाही. बैस, चहा टाकते." संध्याकाळी इनोबत मला न घेताच जाते. विसरल्याचं सोंग तिला छान जमतं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी इनोबतच्या घराच्या बाजूला जाणार असेल, तर हात जोडते, भलेपणा करून मला पोचती करू नका.