पालकांनी ट्रॉम्बोन फुंकला तेव्हा

लोर्ना हॉगन बाई अमेरिकेत मिनेसोटातल्या एका लहान गावच्या शाळेत बावीस वर्षं पाचवीच्या मुलांना बँड शिकवत होत्या. तरी डिसेंबरातला पहिला कार्यक्रम जवळ आला की त्यांना धास्तीच वाटायची.

वाद्यं हातात येऊन मुलांना जेमतेम तीन महिने झालेले असायचे. सूर येणार पाच, आणि त्यांत गाणी बसवायची आठ! गेल्या वर्षी तिसऱ्या गाण्यालाच निम्मा हॉल रिकामा झाला. रस्त्यांवरचा बर्फ काढणारा ड्वेन स्ट्रोमी तर निघता निघता मोठ्यानं म्हणाला, "बदकं सुटलीत की काय!" लोक खो खो हसले. त्याची थोरली मुलगी पहिल्याच रांगेत क्लॅरिनेट घेऊन बसली होती. नाताळानंतर तिनं क्लॅरिनेट पेटीत ठेवलं ते कायमचंच. बाईंच्या ते जिवाला लागलं होतं.

यंदा त्यांनी पाच गाण्यांना सरळ कात्री लावली.

"तीनच गाणी?" हेडमास्तर ट्वेटन हबकले. "पालक काय म्हणतील?"

"आठ ऐकवली तेव्हा पळूनच गेले ना?"

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मुलांनी आधी सूर कसा निघतो ते दाखवलं. नुसता माउथपीस, म्हणजे वाद्याचं ओठांना लावायचं टोक, फुंकून, मग ते वाद्याला जोडून. मग बाई म्हणाल्या, "आता पालकांची पाळी. स्वच्छ माउथपीस ठेवलेत. या."

कुणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे आपापल्या बुटांवर. बाईंना वाटलं, आता हसं होणार, ते आपलंच!

तेवढ्यात ड्वेनची धाकटी, ब्रिटा, आपला लांबलचक पितळी ट्रॉम्बोन खुर्चीवर ठेवून स्टेजवरून खाली उतरली आणि तिनं बापाचा हात धरला.

"चला बाबा."

"अगं, मला कुठं येतंय?"

"मला तरी कुठं येत होतं?"

ड्वेननं फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं, तोंड लालबुंद, गाल भोपळ्यासारखे.

"गाल नका फुगवू, बाबा! ओठ घट्ट मिटा. ओठावरची माशी फुंकून उडवताय असं समजा."

तिसऱ्या खेपेला बर्फात रुतलेल्या गाईसारखा एक हंबरडा बाहेर पडला.

"ड्वेन, तुझी बर्फाची गाडीच बरी रे!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळ्यात जास्त हसला तो ड्वेनच. घाम पुसत म्हणाला, "पोरी, तू हे रोज करतेस?"

"रोज वीस मिनिटं," ब्रिटा ताठ मानेनं म्हणाली. "आणि एक सूर लागला म्हणजे झालं असं नाही. अजून चार आहेत."

मग रांगच लागली. कुणाची आजी बासरी फुंकून फुंकून गरगरली, तिला नातवानं धरून खुर्चीत बसवलं. पोरं मास्तरांच्या थाटात पालकांना दटावत होती, "सरळ बसा! पाय जमिनीला!" मुलांना जागेवर परत बसवता बसवता बाईंच्या नाकी नऊ आले.

शेवटी तीन गाणी झाली. दुसऱ्यात ढोल आधीच संपला, तिसऱ्यात दोन क्लॅरिनेटं किंचाळली. पण कुणी उठलं नाही. ब्रिटाचा लांब सूर आला तेव्हा ड्वेननं श्वासच रोखून धरला, आणि तो नीट पार पडल्यावर शेजारणीच्या मांडीवर थाप मारून "लागला!" म्हणून ओरडला. मग ओशाळून तिची माफी मागितली.

हॉल रिकामा झाल्यावर बाई आणि ट्वेटन सर बाह्या सरसावून मोरीपाशी उभे राहिले. साबणाच्या पाण्यात चाळीस माउथपीस बुडवून ठेवलेले होते.

"पुढच्या वर्षी पालकांना जरा आधी बोलवू या," सर एक माउथपीस घासत म्हणाले. "मला तो भला मोठा ट्यूबा फुंकायला जमलाच नाही."